बाशिंगाचं पाणी

नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीत सूरजबाईंच्या घरी गॅस येऊन तीसेक वर्षं झाली होती, भांडी घासायला दुकानातली हिरवी वडी होती, आणि तरी बायडाबाई दर आठवड्याला आपल्या चुलीतली राख पिशवीत भरून त्यांच्याकडे आणायची. बायडाबाई त्यांच्याकडे धुण्याभांड्याला यायची. तोंडाची फटकळ. "लोकं चूल सोडून ग्यासवर आली," ती म्हणायची, "आन् तुमी मार्बलच्या वट्ट्यावर राख चाळत बसताय. काय म्हनावं ह्याला?"

सूरजबाई चाळत राहत. राख चाळून झाली की त्या दोन स्वच्छ ताटं आणि चार वाट्या घेत, त्या पुन्हा राखेनं घासत, गाळलेल्या पाण्यात विसळत आणि ते पाणी निवळत ठेवत. तासाभरानं वरचं निवळ पाणी फडक्यातून स्टीलच्या हंडीत उतरवत. ह्याला धोवण म्हणतात. जैन साधू-साध्वी कच्चं पाणी पीत नाहीत, त्यात जीव असतात म्हणून. राखेनं पाणी निर्जीव होतं, मग ते त्यांना चालतं. राख हे पाण्यातल्या जिवांवरचं शस्त्र आहे, हे वाक्य सूरजबाईंनी स्थानकात, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या जागी, व्याख्यानांत चाळीस वर्षं ऐकलं होतं. इतकं ऐकलं होतं की त्यातला शस्त्र हा शब्द त्यांना ऐकू येईनासा झाला होता.

आणखी एक नियम होता. साध्वी दारी येतात त्या घरात जे शिजलंय त्यातलं थोडं घ्यायला. त्यांच्यासाठी म्हणून मुद्दाम काही केलं तर ते त्यांना चालत नाही, मग ती पोळी असो की पाणी. सूरजबाईंनी ह्या नियमाला बगल दिली असं म्हणणं जरा कठोर होईल. त्यांनी एवढंच केलं, की धोवण रोज करायला लागल्या. रोजचंच आहे म्हटल्यावर ते मुद्दाम केलेलं कसं ठरेल? हा युक्तिवाद त्यांनी कोणापुढे बोलून दाखवला नव्हता. बोलून दाखवला असता तर तो तिथेच कोसळला असता, हे त्यांनाही ठाऊक होतं.

त्या वाट बघत होत्या ती एकाच साध्वीची. महासती विरतीजी हे तिचं दीक्षेनंतरचं नाव. त्याआधी पंचवीस वर्षं ती टीना होती आणि त्यांची मुलगी होती.

टीनाला उन्हातल्या झाडांपेक्षा सावलीतल्यांचं वेड. पुण्याला बॉटनीत एमएस्सी केलं आणि प्रोजेक्टला विषय घेतला नेच्यांचा. ना फूल, ना फळ, ना बी, नुसती पानं. "ह्याचा उपयोग काय?" सुभाषचंदांनी विचारलं होतं. नारायणगावच्या पेठेत त्यांचं कापडाचं दुकान. कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न हाच. "उपयोग काही नाही पप्पा. बघायचं," टीना म्हणाली होती.

प्रोजेक्टसाठी ती आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आहुप्याच्या बाजूला जाऊन राहायची. मुक्काम कुशाबांच्या घरी. कुशाबा हिरडा गोळा करणारे, सगळं रान त्यांच्या पायाखालचं. एका पावसाळ्यात त्यांच्या बांधावरचा जुना हिरडा वाऱ्यानं आडवा झाला. त्याच्या फांदीवर एक नेचा होता. लाकडाबरोबर तोही वाळून जायचा, म्हणून कुशाबांनी तो मुळांसकट सोडवला आणि टीनाच्या ओंजळीत ठेवला. रानातली माणसं त्याला बाशिंग म्हणतात. खाली कडक, तपकिरी, कातरलेली पानं खोडाला बिलगून बसतात आणि त्यांच्यामागून लांब हिरवी पानं उभी राहतात. नवरदेवाच्या कपाळावर असतं तसंच दिसतं.

"बाशिंग?" सूरजबाई म्हणाल्या होत्या. "मी बाशिंगाचीच वाट बघतेय गं, पण त्याच्याखाली एक नवरदेव असतो." तेव्हा गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेली दोन-तीन स्थळं खरोखरच होती, एक घोडेगावचं आणि एक तर जुन्नरातलं, रोज फोन करणारं. टीना हसत सुटली होती.

घरामागे एक आंबा होता. शेजाऱ्यांनी दुमजली भिंत उठवल्यापासून तिथे दिवसभर सावली. त्या कोपऱ्यात कोथिंबीरसुद्धा तग धरत नसे. टीनानं कमरेइतक्या उंचीवरच्या बेचक्यात थोडा पालापाचोळा भरला, त्यावर बाशिंग टेकवलं आणि दुकानातून आणलेल्या कापडाच्या काठानं बांधून टाकलं. मग आई-वडील दोघांना समोर उभं करून तिनं समज दिली. "तपकिरी पानं मेलेली समजून ओरबाडायची नाहीत. ती त्याची कोठी आहे. पाचोळा त्यात साठतो, कुजतो, त्यावर हे जगतं. उन्हाळ्यात हिरवी पानं गळून नुसत्या काड्या राहतील. वाटेल, गेलं. तरी हात लावायचा नाही. पावसात येतं ते."

आलंही. दोन पावसाळे मागचं दार उघडलं की आधी तेच दिसायचं, हातभर लांब हिरवी पानं, भिंतीच्या त्या मुर्दाड सावलीत.

मग टीनानं दीक्षा घेणार म्हणून सांगितलं. आई-वडिलांच्या लेखी आज्ञेशिवाय दीक्षा होत नाही. सुभाषचंदांनी सही केली आणि पेन बायकोपुढे धरलं. सूरजबाईंनी ते चार दिवस हातात घेतलं नाही, पाचव्या दिवशी घेतलं. माणसं घरी येऊन "धन्य आहात" म्हणून गेली. त्यांना धन्य वाटत नव्हतं. दुःख सांगायला जागा नव्हती. मुलगी मेली असती तर लोक गळ्यात पडून रडले असते. इथे ते पेढ्यांचे पुडे घेऊन आले, आणि सूरजबाईंना प्रत्येकाच्या पुड्यातला एक पेढा हसून खावा लागला.

दीक्षेच्या आदल्या दिवशी, ऊन उतरता उतरता, टीना मागच्या दारी आंब्यापाशी उभी होती. दीक्षेआधी मुलीला नवरीसारखं सजवतात; तिच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी होती.

"मम्मी, उद्यापासून मला हिरव्या पानाला हात लावता येणार नाही," ती म्हणाली. "हे तू जप. माझं म्हणून नको. जीव आहे म्हणून."

"आणि तू कधी दारी आलीस तर बघशील ना?"

टीनानं विचार केला. तेव्हाच ती तोलूनमापून बोलायला लागली होती. "दिसेल तेवढं बघेन," ती म्हणाली.

ह्या तीन शब्दांवर सूरजबाईंनी पुढचं दीड वर्ष काढलं. मुलगी एकदा दारी येईल, आपल्या हातचं काहीतरी घेईल आणि आंब्याकडे बघेल. ह्यापलीकडे त्यांना काही नको होतं. सुभाषचंदांनी मात्र मागच्या दारी जाणंच सोडलं. दुकान, स्थानक, जेवण, झोप. टीनाचं नाव ते घेत नसत, जुनंही नाही आणि नवंही नाही.

पहिला चातुर्मास साध्वींनी जालन्याला केला. त्या पावसाळ्यात बाशिंगाला नऊ पानं आली. सूरजबाईंनी ती रोज मोजली. कार्तिकात बातमी आली, की पुढचा चातुर्मास चाकणच्या पुढे ठरतोय, म्हणजे वाट संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव अशीच. पण साध्वी पायी चालतात आणि तारीख सांगून येत नाहीत. उद्या येतील, सहा महिन्यांनी येतील. आल्या आणि घरात धोवण नसलं तर? त्या दिवसापासून बायडाबाईच्या चुलीतली राख सुरू झाली.

धोवणाची मुदत संध्याकाळी संपते. ते गटारात ओतायचं नसतं, ओलीत जीव वाढतात. कोरड्या जागी जिरवायचं असतं. मागच्या दारी सगळ्यांत कोरडं काय, तर हिवाळ्यात सुकत चाललेलं बाशिंग. शिवाय मुलीसाठी भरलेलं पाणी मुलीच्या झाडाला गेलं, ह्याचंही त्यांना बरं वाटायचं. साधं नळाचं नाही, घरातलं सगळ्यांत शुद्ध पाणी. रोज दिवस कलला की त्या हंडी घेऊन आंब्याकडे जात आणि बेचक्यात हळूहळू ओतत, शेवटच्या थेंबापर्यंत.

"इतका पाहुनचार," बायडाबाई म्हणाली, "झाड हाय का जावई हाय तुमचा?"

जून आला, पाऊस लागला. शेजाऱ्यांची भिंत शेवाळानं हिरवी झाली, आंब्याच्या बुंध्याशी न लावलेलं काय काय उगवलं. बाशिंगाच्या काड्या काड्याच राहिल्या. सूरजबाई रोज सकाळी जाऊन बघत, बोटांनी चाचपत. उशीर होतो कधी कधी, असं स्वतःला सांगत. पंधरा दिवस सांगितलं, मग तीन आठवडे.

जून संपता संपता कुशाबा डोळे दाखवायला नारायणगावात आले होते, ते घरी डोकावले. चहा घेतला आणि विचारलं, "पोरीचं बाशिंग कसं हाय?"

सूरजबाई त्यांना मागे घेऊन गेल्या. कुशाबांनी चष्मा वर करून बेचक्यात पाहिलं. तपकिरी पानांवर, मुळांवर, अगदी खोडाच्या सालीवरसुद्धा पांढुरका थर बसला होता. सूरजबाईंना तो रोज दिसत होता आणि ती बुरशी असेल, म्हणून त्या त्याला हात लावत नव्हत्या. बुरशीतही जीव असतो. कुशाबांनी तो बोटानं खरवडला आणि जिभेला लावून थुंकला.

"काय घालता व्हय ह्याला?"

"पाणीच. धोवण. राखेचं निवळलेलं पाणी असतं ते, एकदम शुद्ध."

"किती दिस?"

"दिवाळी झाल्यापासून."

कुशाबा परत बेचक्यावर वाकले. त्यांनी बोटाएवढं जाड, केसाळ मूळ नखानं सोललं आणि त्यांच्यापुढे धरलं. "जितं असतं ना बाई, तर आतून हिरवट दिसतं. ह्ये बघा. निस्तं भुस्कट." मग त्यांना वाईट वाटलं असावं. "राख लई कडक. आमच्याकडं बाया आदी राखंच्या पान्यात कापडं भिजवायच्या, तर हाताची सालटी निघायची. ह्ये रानातलं. त्याला पाऊस म्हाईत, दव म्हाईत. राख कदी बघितलीच न्हाई त्यानं."

तेव्हा सूरजबाईंना तो शब्द ऐकू आला. शस्त्र. चाळीस वर्षं हातात पोथी धरून त्यांनी तो ऐकला होता आणि मान डोलावली होती. ज्या राखेनं पाण्यातला जीव जातो तिचंच पाणी आपण हंडी भरभरून एका जिवाच्या मुळाशी ओतत होतो, आणि ओतताना मनात नवकार मंत्र म्हणत होतो. त्या दाराच्या पायरीवर बसल्या.

"आवो, रडू नका," कुशाबा म्हणाले. "माज्या बांदाच्या दगडावर दुसरं हाय. येत्या बाजारी आनतो, हितंच बांदू. पोरीला काय कळायचंय?"

"तिला कळेल," सूरजबाई म्हणाल्या. "आणि नाही कळलं तरी मला तर माहीत आहे."

मेलेलं बाशिंग त्यांनी काढलं नाही. काढायला हात धजावला नाही. धोवण मात्र थांबवता येत नव्हतं, कारण साध्वी आळेफाट्याला पोचल्याचं त्याच आठवड्यात कळलं. आता ते पाणी त्या संध्याकाळी पोर्चमध्ये फरशीवर पसरून वाळवत.

आषाढात, एका सकाळी, साध्वी नारायणगावच्या स्थानकात उतरल्या. सूरजबाई इतर बायकांबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. तोंडावर बांधलेल्या पांढऱ्या मुहपत्तीच्या वर टीनाचे डोळे होते, बाकी काही ओळखीचं नव्हतं. उन्हानं रापलेलं कपाळ, भेगाळलेले पाय. सूरजबाईंनी वाकून "मत्थएण वंदामि" म्हटलं. "दया पालो," उत्तर आलं. पुढच्या बाईलाही तेच, त्याच आवाजात. त्यात काही वावगं नव्हतं, नियमच तो. घरी परतताना सुभाषचंद रस्ताभर त्यांच्या दोन पावलं पुढे चालत राहिले.

पावसात साध्वी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, बाहेर पडत नाहीत. दोन दिवस झड लागली होती. ज्या पावसासाठी सूरजबाई जूनभर आंब्याखाली उभ्या राहिल्या, तो आता थांबावा म्हणून त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ उघडलं. सुभाषचंद दुकानात गेले होते. अकराच्या सुमारास बायडाबाई समोरच्या दारातून धावत आली. "बाई, आल्या. दोगी हायत. आपली पन हाय."

पुढे मोठ्या महासती, मागे विरतीजी. स्वयंपाकघराच्या दारापाशी त्या थांबल्या. आपल्या माहेरच्या घरी यायला विरतीजींना गुरूंची परवानगी लागली असणार, आणि ती त्यांनी मागितली असणार. सूरजबाईंना एवढं सुचलं. त्यांनी दोन फुलके दिले, मुगाची डाळ दिली. विरतीजींनी लाकडी पातरं पुढे केलं, पुरे झाल्यावर हातानं झाकलं. सगळं नियमात बसत होतं.

"धोवण आहे?" मोठ्या महासतींनी विचारलं.

सूरजबाईंनी हंडी उचलली. आठ महिने रोज भरलेली हंडी. विरतीजींनी पाण्याचं पातरं काढलं आणि घेण्याआधी विचारायचं असतं ते विचारलं. "श्राविकाजी, हे कोणासाठी केलं?"

घरात माणसं दोन. दोघं उकळलेलं पाणी पिणारी. भांडी हिरव्या वडीनं घासलेली. सूरजबाई आयुष्यात खोटं फारसं बोललेल्या नव्हत्या, आणि पातरं समोर होतं, अगदी हंडीच्या खाली.

"रोजचंच आहे," त्या म्हणाल्या. "बाशिंगाला घालत आलेय."

हे खोटं नव्हतं. एक थेंब त्यांनी दुसरीकडे घातला नव्हता, कुशाबा येऊन जाईपर्यंत.

विरतीजींचे डोळे उघड्या मागच्या दाराकडे गेले. दारातून आंबा दिसत होता, बेचकं दिसत होतं, रंग उडालेला कापडाचा काठ, काड्या, आणि दोन दिवसांच्या पावसानंही न गेलेला तो पांढुरका थर. तिनं नेच्यांवर दोन वर्षं घालवली होती. राखेचं पाणी नेच्याला काय करतं हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तिनं झाडाकडे पाहिलं, मग हंडीकडे, मग ओट्यावरच्या चाळणीकडे, जिच्या कडेला राख चिकटली होती. शेवटी आईकडे पाहिलं. स्थानकात रांगेत पाहिलं होतं तसं नाही.

मग तिनं पातरं मागे घेतलं.

"का? सूझतं नाही?" मोठ्या महासतींनी विचारलं. सूझतं म्हणजे नियमात बसणारं.

"नाही," ती म्हणाली. "हे माझ्यासाठी केलेलं आहे."

मोठ्या महासतींनी पातरी आवरायला घेतली. झोळी बांधून झाली. "दया पालो," दोघी म्हणाल्या आणि खाली बघत, ओलं चुकवत, फाटकाबाहेर गेल्या. सूरजबाई हंडी धरून तशाच उभ्या होत्या. बायडाबाईनं ती त्यांच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवली.

दुपारनंतर पाऊस परत आला. पोर्चमध्ये पाणी साचलं, फरशी ओली, अंगण ओलं. धोवण जिरवायला कोरडी जागा कुठे उरली नव्हती. सूरजबाईंनी पेला घेतला, हंडीतून भरला आणि पिऊन पाहिला. एवढ्या महिन्यांत त्यांनी ते कधी चाखलं नव्हतं. तुरट, खारट, घशाला ओढ लावणारं. त्यांनी दुसरा पेला भरला.

सुभाषचंद त्या दिवशी दुकानातून लवकर आले. दारातच विचारलं, "आली होती?"

"आली होती."

"काय घेतलं तिनं?"

"दोन फुलके. डाळ."

"पाणी?"

"नाही."

त्यांनी हंडीकडे पाहिलं, बायकोच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. दीड वर्षात पहिल्यांदा ते मागच्या दारापर्यंत गेले आणि आंब्याकडे बघत उभे राहिले. परत येऊन त्यांनी मांडणीवरचा पेला काढला आणि पुढे धरला. सूरजबाईंनी भरला. एक घोट घेऊन त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"हे रोज करत होतीस?"

"रोज."

"आणि रोज त्याला घालत होतीस?"

"रोज."

त्यांनी पेला संपवला आणि पुन्हा पुढे धरला. सूर्यास्तानंतर त्या घरात कोणी पाणी पीत नाही. त्याआधी दोघांनी मिळून हंडी रिकामी केली.